झेललेली हाक

एकदा एका वृद्ध गुरूंच्या घरी, अगदी साध्या अशा बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. गॅसवर वरण उकळत होते. भाजीवाला नुकताच पुढच्या दारी गेला होता. त्या घरात त्या वेळी फोन वाजणे ही काही विशेष गोष्ट नव्हती. गुरूंच्या सुनेने, वैजयंताबाईंनी, पदराला हात पुसले आणि तो घेतला.

हे गुरू मंत्रतंत्र शिकवणारे नव्हेत. आयुष्यभर त्यांनी कारखान्यांतल्या यंत्रांसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिले होते. निवृत्त झाल्यावर ते कृष्णाकाठच्या आपल्या गावी परतले आणि जे कोणी विचारायला येतील त्यांना माडीवरच्या खोलीत बसवून ही विद्या देऊ लागले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. शिकायला येणाऱ्याने दुपारी जेवून जायचे, एवढी एकच त्यांची अट असे.

त्या घराचा एक जुना नियम होता. आप्पा माडीवर शिकवत असताना त्यांना कोणी हाक मारायची नाही. फोन, पाहुणा, निरोप, जे काही येईल ते खालीच थांबवायचे. नियम आप्पांनीच केलेला होता, आणि तोही वैजयंताबाई त्या घरात येण्याच्या कितीतरी आधी. लग्न होऊन आल्यावर मिठाची बरणी कोणत्या फळीवर असते हे जसे कळत जाते, तसा त्यांना तो कळत गेला. त्यांचे यजमान कामानिमित्त बाहेरगावी असत. त्यामुळे घराचा उंबरठा त्याच सांभाळत. कोणाला चहा द्यायचा, कोणाला संध्याकाळी बोलवायचे, कोणता निरोप जेवणानंतर सांगायचा, हे त्या इतक्या नेमकेपणाने करत की येणारा कधी दुखावला जात नसे आणि माडीवरच्या माणसाचे चित्त कधी विचलित होत नसे.

त्या दिवशीचा फोन मिरजेहून होता. आप्पांचे थोरले बंधू काही दिवसांपासून तिथल्या एका दवाखान्यात होते. त्यांच्या मुलाने सांगितले, की बाबा आज बरे आहेत, उशीला टेकून बसले आहेत आणि त्यांना आप्पाकाकांशी बोलायचे आहे. वैजयंताबाईंनी विचारले, तातडीचे आहे का? तो म्हणाला, छे, घाई काही नाही वहिनी, सवडीने द्या. मग जेवणे झाली की लगेच फोन लावून देते, असे त्या म्हणाल्या. दोघांनाही ते योग्यच वाटले.

माडीवर त्या दिवशी एकच शिष्या होती. तिचे नाव गौतमी. काही वर्षे पुण्यात नोकरी करून ती परतली होती आणि आता प्रथमच एक काम स्वतःच्या जबाबदारीवर करत होती. काम होते शेजारच्या गावातल्या एका दूधव्यापाऱ्याचे. त्याचे मोठे शीतकरण केंद्र होते. गोठ्यांवरून आलेले कोमट दूध वरच्या टाकीत जमा होई आणि तिथून थंड होत होत खालच्या टाकीत उतरे. दोहोंच्या मध्ये एक व्हॉल्व्ह होता. वीज गेली की थंड करणारे यंत्र थांबे. अशा वेळी तो व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर कोमट दूध तसेच खाली उतरून आधीचे थंड दूधही नासून जाई. इतकी वर्षे एक गडी तिथे बसलेला असे. दिवे गेले की तो अंधारात चाचपडत जाऊन हाताने व्हॉल्व्ह फिरवी.

आता ते काम गौतमीच्या प्रोग्रॅमने करायचे होते. वीज गेली की एक लहानशी बॅटरी संगणकाला थोडा वेळ जागे ठेवणार होती आणि प्रोग्रॅमला एक हाक देणार होती: आता आवर. त्या थोड्या अवधीत प्रोग्रॅमने व्हॉल्व्ह बंद करायचा, तापमानाची नोंद ठेवायची आणि मग थांबायचे. चालत्या प्रोग्रॅमला बाहेरून आलेल्या अशा हाकेला या विद्येत सिग्नल म्हणतात. पाडव्यापासून तो गडी दुसऱ्या कामावर जाणार होता. त्यानंतर नासाडी आणि दूध यांच्यामध्ये गौतमीने व्यापाऱ्याला दिलेला शब्द तेवढा उभा राहणार होता.

प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर बसवण्याआधी तपासून पाहावा लागतो. त्यासाठी तयार साधने मिळतात. कोणीतरी, कुठेतरी ती लिहून, पक्की बांधून ठेवलेली असतात. आपण ती आणायची आणि आपली चाचणी त्यांच्यात बसवायची. अशा साधनांना लायब्ररी म्हणतात. गौतमीने आणलेल्या लायब्ररीचा एक स्वभाव होता. चाचणी चालू असताना कोणताही सिग्नल आला, तर तो ती स्वतःच झेलत असे. प्रोग्रॅमपर्यंत जाऊ देत नसे. काम अलगद थांबवायची आणि शेवटी अहवालात तसे लिहायची. गौतमीला हे ठाऊक होते. म्हणून तिने आपल्या फाइलीच्या आरंभीच एक ओळ लिहून ठेवली होती, की सिग्नल झेलू नयेत, ते माझ्या प्रोग्रॅमकडे जाऊ द्यावेत. मग तिने चाचणी चालवली आणि वीज गेल्याची खोटी हाक दिली. सगळे शांतपणे थांबले. अहवालात उमटले: सिग्नल आला, काम थांबवले. कुठे तांबडी खूण नाही, कुठे तक्रार नाही.

हेच दाखवायला ती आली होती. आप्पांनी अहवाल डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि विचारले, की व्हॉल्व्ह कोणी बंद केला? ती म्हणाली, प्रोग्रॅमने. तू पाहिलास का बंद होताना, असे त्यांनी विचारले. ती हसून म्हणाली, "आप्पा, अहवाल आहे ना समोर. आता त्याच्यावरही विश्वास नाही ठेवायचा?" आप्पाही हसले. जेवून बघू, म्हणाले.

दोघे खाली उतरण्याच्या थोडे आधी मिरजेहून दुसरा फोन आला होता. आप्पांचे दादा गेले होते. बोलता बोलता मागे टेकले आणि गेले, असे पुतण्या म्हणाला. त्यालाही ते अजून खरे वाटत नव्हते.

आपल्याकडे अशी एक रीत आहे, की जेवायला बसणाऱ्या माणसाला मरणाची वार्ता सांगू नये. एकदा ऐकले की तो पानावरून उठतो, आणि मग दिवसभर त्याच्या पोटात काही जात नाही. आधी चार घास खाऊ द्यावेत, मग सांगावे. वैजयंताबाईंनी ती रीत पाळली. फोन ठेवून त्यांनी तोंडावर पाणी मारले, पाने घेतली आणि वाढायला उभ्या राहिल्या. आप्पांच्या भातावर त्यांनी दोनदा तूप वाढले. आप्पांनी एकदा वर पाहिले आणि ते भात कालवू लागले. गौतमी मात्र व्हॉल्व्हबद्दल आणि व्यापाऱ्याच्या घाईबद्दल बोलत राहिली.

हात धुऊन झाल्यावर वैजयंताबाईंनी सांगितले. दोन्ही फोनांचे सांगितले, काही लपवले नाही. तोवर त्यांनी गाडीही सांगून ठेवली होती आणि आप्पांचे दोन सदरे, धोतर नि औषधे पिशवीत भरून ठेवली होती. आप्पा ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. मग त्यांनी विचारले, की पहिला फोन आला तेव्हा आपण वर काय करत होतो. वैजयंताबाई म्हणाल्या, तुमचे शिकवणे चालू होते. आप्पांनी मान हलवली.

"जेवू घातलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "आता पाणी काढ. आंघोळ करून निघतो."

एवढेच. गौतमी हलक्या पावलांनी आपल्या घरी गेली.

दिवसकार्य आटोपून आप्पा परतले ते थोडे वाळलेले, पण शांत होते. भेटायला येणाऱ्यांना ते दादांच्या गमती सांगत. लहानपणी दादा पोहायला शिकवताना आधी स्वतःच कसे गटांगळ्या खात, हे सांगताना ते स्वतः हसत आणि समोरच्यालाही हसवत. घरात दुःख होते, पण ते कोपऱ्यात बसून राहिलेले नव्हते. येऊन जाऊन होते. मग पुन्हा वर्ग सुरू करायची वेळ आली, आणि आप्पांनी एक गोष्ट केली जिचा अर्थ कोणालाच लागेना.

त्यांनी माडीवरची आपली खुर्ची खाली आणवली आणि फोनच्या अगदी शेजारी ठेवली. यापुढे इथेच शिकवणार, असे म्हणाले. आणि फोन वाजला की, वाक्य अर्धे असले तरी, स्वतः उचलू लागले.

शिकणाऱ्यांची पंचाईत झाली. एखादा अवघड मुद्दा निम्म्यावर यावा आणि आप्पांनी गॅसवाल्याशी सिलिंडरबद्दल बोलत बसावे. एकदा कोणीतरी चुकून मंगल कार्यालय समजून फोन केला. आप्पांनी सरळ चुकीचा नंबर म्हणून ठेवून द्यावा की नाही? त्यांनी तारीख विचारली, भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले, त्या दिवशी अमावास्या असल्याचे कळवले आणि मग सांगितले, की हे कार्यालय नव्हे, पण शुभेच्छा आहेत. स्वयंपाकघरातून वैजयंताबाई म्हणाल्या, "आप्पा, आता आचारीही ठरवून द्या त्यांना."

"विचारलं तर देईन की," आप्पा म्हणाले.

पण वैजयंताबाईंचे हसू तेवढ्यापुरतेच होते. आपल्यावरचा विश्वास उडाला म्हणूनच खुर्ची खाली आली, असे त्यांच्या मनाने घेतले होते. फोन वाजला की त्यांचे हात सवयीने पुढे होत आणि मागे येत.

पाडवा जवळ आला तशी गौतमी पुन्हा आली. आप्पांनी एकदा पाहून होकार दिला की ती यंत्र बसवायला मोकळी होणार होती. आल्यापासून तिचे लक्ष घड्याळाकडे होते. ती लॅपटॉप उघडते तोच फोन वाजला आणि आप्पांनी तो घेतला. पलीकडे दूधव्यापारीच होता. गौतमीचा मोबाइल लागत नव्हता म्हणून त्याने इथे केला होता. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"आप्पा, तुमची शिष्या पास झाली म्हणते, मग बसवत का नाही? म्हशीला काय सांगू मी, चाचणी चाललीय, आज दूध देऊ नको?"

आप्पांनी त्याला आजचा दिवस थांबायला सांगितले आणि फोन ठेवला. गौतमीचा चेहरा उतरला होता. ती थोडी रागानेच म्हणाली, की पूर्वी तुम्ही कोणासाठी वर्ग सोडून उठत नव्हता; आता एका वाक्यामागे एक फोन आहे, अशाने काम कसे व्हायचे? आप्पांनी तिला शांतपणे बोलू दिले. मग म्हणाले, की तुझी चाचणी आत्ता, इथेच चालव. फक्त सुरुवात करताना व्हॉल्व्ह उघडा ठेव.

हे सांगायला हवे, की चाचणीत खरा व्हॉल्व्ह नसतो. त्याच्या जागी संगणकातच एक लटका व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की उघडा म्हणतो, मिटला की मिटला म्हणतो. गौतमीचा लटका व्हॉल्व्ह आरंभापासून बंदच ठेवलेला होता. आजवर ते तिच्या लक्षात आले नव्हते, कारण शेवटी तो बंद असायला हवा होता आणि तो बंदच सापडत होता.

तिने तो उघडा ठेवला. चाचणी सुरू केली. खोटी हाक दिली. नेहमीप्रमाणे सगळे अलगद थांबले. अहवाल आला: सिग्नल आला, काम थांबवले. आणि त्याच्याखाली व्हॉल्व्ह उघडाच होता.

तिने पुन्हा चालवून पाहिले. पुन्हा तेच झाले. बाहेर रस्त्यावरून दुधाची गाडी कॅन वाजवत गेली, तेव्हा ती दचकली.

"पण मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "आप्पा, ही बघा ओळ. सिग्नल झेलू नकोस, असं स्पष्ट लिहिलंय मी."

"कुठे लिहिलंयस?"

"माझ्या फाइलीत. अगदी पहिलीच ओळ."

"आणि लायब्ररी बांधून कधी झाली?"

लायब्ररी गौतमीने तयार आणली होती. ती बांधणाऱ्यांनी बांधताना जे ठरवले ते तिच्यात मुरून गेलेले होते. नंतर कोणी आपल्या फाइलीत काय लिहिले, हे वाचायला ती परत उघडत नव्हती. गौतमीची ओळ चुकीची नव्हती. ती ज्याने वाचायची, त्याच्यापर्यंत कधी गेलीच नव्हती. आणि ओळ लिहिली आहे या भरवशावर, जो नीटनेटका शेवट लायब्ररीने केला, तो आपल्या प्रोग्रॅमनेच केला असे गौतमी समजून चालली होती.

"शिंप्याने सदरा शिवून दिला," आप्पा म्हणाले, "आणि आपण घरी आरशासमोर उभं राहून म्हणतोय, खिसा डावीकडे हवा. म्हणायला हरकत नाही. ऐकणारा कोणी नाही तिथे."

गौतमीला हसू आले नाही. ती म्हणाली, की म्हणजे या लायब्ररीने मला फसवले. तेव्हा आप्पांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. स्वयंपाकघरातल्या बांगड्यांचा आवाज थांबला होता, हे त्यांना कळले असावे, कारण पुढचे ते थोडे मोठ्याने बोलले.

"फसवलं नाही. ज्यांनी ती बांधली, त्यांनी दयेनेच बांधली. एक चाचणी मध्येच कोसळली तर बाकीच्यांचा अहवाल वाहून जाऊ नये, म्हणून त्यांनी ठरवलं, की येईल ती हाक आपण झेलायची, सगळं नीट आवरायचं आणि मग सांगायचं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. केलंच की. हे घर असंच बांधलंय मी. वैजयंता इथे आली तेव्हा ते बांधून तयार होतं. ती त्याच्याप्रमाणे वागली, आणि चोख वागली. दादा आजारी पडल्यापासून मी ठरवून ठेवलं होतं, की त्याचा फोन आला तर शिकवणं सोडून उठायचं. पक्कं ठरवलं होतं. पण कुठे? माझ्या मनात. तू फाइलीत लिहिलंस, तसं. घराला ते कसं कळावं?"

मग ते आणखी म्हणाले, "एक हाक अशी असते, गौतमी, की ती कोणालाच झेलता येत नाही. कसलाही प्रोग्रॅम असो. ती आली की संपलं. तिच्यासाठी काही लिहीत बसू नये. पण तिच्या आधी बहुतेक वेळा एक मऊ हाक येते. आवर आता, एवढंच म्हणते. तेवढी सवलत आपल्याला असते. ती मात्र ज्याची त्याला पोचली पाहिजे. दुसऱ्याने ती कितीही प्रेमाने झेलली, तरी व्हॉल्व्ह त्याच्या हातून बंद होत नाही."

वैजयंताबाई दारात येऊन उभ्या होत्या. हाताला पीठ होते. "एकदा म्हणाला असतात, आप्पा," त्या म्हणाल्या, "तर मी जिन्यातून ओरडले असते."

"म्हणालो नाही, हेच तर सांगतोय. आणि तुझं चुकलं असतं तर मी तुला ऐकवल्याशिवाय राहिलो असतो का? भाजीत मीठ जास्त पडलं तरी सोडत नाही मी."

"ते खरंय," वैजयंताबाई म्हणाल्या आणि आत वळल्या. थोड्या वेळाने पोळपाटावर लाटणे पुन्हा फिरू लागले. या वेळी त्याचा आवाज आधीपेक्षा सैल होता.

खुर्ची तिथे का ठेवली, हे गौतमीने शेवटी विचारलेच. आप्पा म्हणाले, की सगळेच फोन स्वतः घेऊन पाहिले, म्हणजे कोणते आपले असतात आणि कोणते नसतात ते कळावे. बहुतेक आपले नसतात. ते वैजयंताच चांगले घेते. मंगल कार्यालयाचा तेवढा मला आवडला.

गौतमी त्या दिवशी घरी गेली आणि तयार लायब्ररी बाजूला ठेवून तिने त्या लायब्ररीचा मूळ मजकूर, म्हणजे ज्यावरून ती बांधली जाते तो, उतरवून घेतला. तो स्वतः बांधायला घेतला आणि बांधतानाच ठरवून दिले, की कोणती हाक कोणी घ्यायची. सगळ्याच हाका तिने सोडवून घेतल्या नाहीत. चाचणी कोसळली, मोडली, भलतीकडे गेली, तर त्या हाका लायब्ररीनेच झेलाव्यात, कारण ते काम ती उत्तम करत होती. फक्त 'आता आवर' ही एक हाक तिने मोकळी ठेवली. मग लटका व्हॉल्व्ह उघडा ठेवून तिने चाचणी चालवली.

चाचणी सपशेल पडली. पडद्यावर प्रथमच तांबडे उमटले. हाक आता खरोखरच तिच्या प्रोग्रॅमला पोचली होती, आणि हाक ऐकून तो काय करतो हे तिला प्रथमच दिसत होते. तो आधी तापमानाची नोंद लिहायला बसत होता. नोंद नीट, व्यवस्थित, सावकाश लिहून झाल्यावर मग व्हॉल्व्हकडे वळत होता. तोवर बॅटरीची मुदत संपत होती. तिनेच तसे लिहिले होते. लिहिताना तो क्रम तिला शिस्तीचा वाटला होता. तिने क्रम बदलला. आधी व्हॉल्व्ह, मग नोंद. नोंद राहिली तर राहिली.

ती सांगत असे, की त्या तांबड्या खुणेइतके समाधान तिला आधीच्या सगळ्या हिरव्या खुणांनी मिळून दिले नव्हते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शीतकरण केंद्रावर सगळे जमले. आप्पाही गेले. व्यापारी हात मागे बांधून उभा होता. त्याने खालच्या टाकीत मुद्दाम थोडेच दूध ठेवले होते, आणि हे गौतमीच्या लक्षात आले होते. जुना गडी व्हॉल्व्हपाशी उभा होता, सवयीने एक हात चाकावर ठेवून. गौतमीने त्याला हात काढायला सांगितले. त्याने काढला, पण लांब गेला नाही.

मग व्यापाऱ्याने स्वतः मुख्य स्विच खाली ओढला. दिवे गेले. थंड करणाऱ्या यंत्राची घरघर हळूहळू खाली उतरत थांबली. त्या शांततेत व्हॉल्व्ह फिरल्याचा आवाज आला, आणि टाकीत पडणारी दुधाची धार बारीक होत होत बंद झाली. गड्याने वाकून नळीला हात लावून पाहिला. मग मान डोलावली. त्याची मान डोलल्यावरच व्यापाऱ्याने मागे बांधलेले हात सोडले.

व्यापारी म्हणाला, की हे तर तुम्ही महिन्याभरापूर्वीच झाले म्हणाला होता. गौतमी म्हणाली, "तेव्हा झालं नव्हतं. झालं असं मला वाटत होतं." त्यावर व्यापाऱ्याने काहीतरी चेष्टा करायला तोंड उघडले, आप्पांकडे पाहिले, आणि सगळ्यांसाठी मसाला दूध सांगितले.

आप्पा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा प्रसन्न होता. त्यांनी खुर्ची पुन्हा माडीवर नेली आणि वैजयंताबाईंना बोलावून सांगितले, की घराचा नियम आपण नव्याने करू. गॅस, वीज, लग्नाची बोलावणी, चुकीचे नंबर, हे सारे पूर्वीसारखे तूच पाहा. पण कोणी आजारी असेल आणि त्याने माझे नाव घेतले असेल, तर जिन्यातून हाक मार, मी पानावर असलो तरी. मुलाला बाहेरगावी फोन लावून त्यालाही विचारले. तो म्हणाला, मला काहीही असले तरी आधी कळवा, मग मी काम करत असलो तरी चालेल. असे दोघांचे ठरले.

मग आप्पांनी विचारले, "आणि तुझं काय?"

वैजयंताबाई सुपात गहू पाखडत होत्या. त्या हसल्या. "मला कशाला हवा नियम? फोन तर मीच घेते."

"तू बाजारात गेलेली असशील. झोपलेली असशील. फोन मी घेईन आणि तो तुझ्या माहेरचा असेल. आई तुझी एकटी असते तिकडे. तेव्हा मी काय करू? आधी जेवू घालू तुला?"

वैजयंताबाई अजून हसतच होत्या. मग त्यांचे हसू थांबले. सूप मांडीवर टेकले. इतकी वर्षे त्यांनी या घरातल्या प्रत्येकाची बातमी झेलली होती, पण त्यांची बातमी त्यांना कशी हवी, हे त्यांना आजवर कोणी विचारले नव्हते. त्यांनी स्वतःही विचारले नव्हते. त्यांनी गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या.

आप्पा म्हणाले, सावकाश सांग. मग ते माडीवर गेले.

वर्ग पुन्हा भरू लागले आहेत. गौतमीही आता नवशिक्यांना बसवून शिकवते, आणि चाचणी हिरवी आली असे कोणी म्हणाले, की ती हाक कोणी झेलली, असे आधी विचारते. वैजयंताबाईंनी मात्र आपले अजून सांगितलेले नाही, आणि आप्पांनीही पुन्हा विचारलेले नाही.